उघाडी बंद आढळली

नवे काही करण्याआधी जुने काय आहे ते नीट पाहून घ्यावे, हे तत्त्व जगातल्या सगळ्या शहाण्या माणसांना मान्य आहे. लग्नाआधी मुलगी पाहतात, विहिरीआधी जमीन पाहतात, आणि उधारी मागण्याआधी दुकानदाराचा चेहरा पाहतात. पाहण्यामुळे कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. नुकसान होते ते करण्यामुळे. म्हणूनच स्वातंत्र्य आल्यावर पहिल्या दहा-बारा वर्षांत देशात करणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांची संख्या काळजीपूर्वक वाढवण्यात आली, आणि तिचा लाभ कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मौजे चिंचखार या लहानशा गावालाही मिळाला. तो कसा मिळाला, त्याची ही हकीकत.

चिंचखारचे भाताचे शिवार समुद्राच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. (घरे उंचावर आहेत. पूर्वजांना पोहता येत होते, पण रोज पोहायची हौस नव्हती.) शिवार आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, त्या बांधाला एक भोक, आणि त्या भोकावर खाडीच्या बाजूने टांगलेली एक लाकडी झडप. या सगळ्या प्रकाराला त्या भागात उघाडी म्हणतात. भरती आली की खाडीचे पाणी झडपेला बाहेरून दाबते, झडप बंद होते आणि खारे पाणी बाहेरच राहते. ओहोटी लागली की शिवारात साठलेले पावसाचे पाणी तिला आतून ढकलते, झडप उघडते आणि जादा पाणी खाडीत निघून जाते. तिला माणूस लागत नाही, तेल लागत नाही, चावी लागत नाही. नाव उघाडी असले तरी तिचे खरे काम वेळेवर बंद होणे हेच. या विसंगतीबद्दल गावात कोणी कधी तक्रार केली नव्हती.

बाळाजी पाटील हे चिंचखार शेतीसुधारणा मंडळीचे अध्यक्ष. मंडळी म्हणजे गावातले सगळे शेतकरी. सुधारणा म्हणजे काय, ते अजून ठरायचे होते. बाळाजींचे शेत उघाडीला लागून, अगदी पहिलेच. झडपेत काही बिघडले तर खारे पाणी सर्वांआधी त्यांच्याकडे येणार, आणि ते एकदा शेतात बसले की दोन-तीन पावसाळ्यांनी जमीन धुऊन निघेपर्यंत तिथे भाताची काडी उभी राहणार नाही. त्यामुळे एका वर्षी शिमग्याच्या सुमारास झडपेची एक फळी कुजून सुटल्याचे दिसले, तेव्हा पहिली काळजी बाळाजींना लागली.

काळजी तशी जुनी होती आणि तिचे औषधही जुने होते. अशा वेळी गावात जोळ बोलावत. जोळ म्हणजे घरटी एक माणूस बांधावर हजर. ज्याच्याकडे फळी असेल त्याने फळी आणायची, ज्याच्याकडे खिळे असतील त्याने खिळे, आणि ज्याच्याकडे काहीच नसेल त्याने सल्ला. जेवणवेळेच्या आत काम उरकायचे. पण बाळाजी नुकतेच नागावकडे एका लग्नाला जाऊन आले होते, आणि वाटेवरच्या एका गावात त्यांनी सिमेंटचा नवा दरवाजा पाहिला होता. त्याला लोखंडी चक्र होते, चक्राला हिरवा रंग होता, आणि उद्घाटनाला तिथल्या अध्यक्षांना म्हणे मंत्र्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवले होते. लग्नाचे जेवण पचले, ही खुर्ची काही पचली नाही. परत आल्यावर बाळाजींनी कुजलेल्या फळीकडे पाहिले ते वेगळ्याच नजरेने.

"आवो," त्यांची बायको राही म्हणाली, "गोठ्याची जुनी फळी पडलीय मागं. बुधाजी भावजींना हाक मारा, चार खिळे ठोका. संपला इषय."

"फळी ठोकून गावाची सुधारना होत न्हाय. मी मंडळीच्या नावानं अर्ज करतो. नवा दरवाजा मागतो. चक्राचा."

"आनि तवर समिंदर थांबतो का तुमच्या चक्रासाठी?"

बाळाजी अर्जासाठी कागद शोधू लागले. सुधारणेला घरातून विरोध होतो, हे त्यांनी भाषणात ऐकले होते.

अर्ज किनारा बांध व जलद्वार खात्याकडे गेला, आणि आश्चर्य म्हणजे उत्तर आले. 'कोणतीही नवीन योजना हाती घेण्यापूर्वी संस्थेकडील विद्यमान यांत्रिक व्यवस्थेचे सर्वंकष मूल्यमापन होणे आवश्यक आहे. सदर मूल्यमापन पूर्ण होईपर्यंत विद्यमान व्यवस्थेत कोणताही बदल, दुरुस्ती अथवा हस्तक्षेप करू नये. तसे केल्यास ती विद्यमान राहणार नाही.'

बाळाजींनी हे पत्र देवळासमोर उभे राहून वाचून दाखवले. शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. एवढा खोल विचार चिंचखारच्या उघाडीबद्दल आजवर कोणी केला नव्हता.

"म्हंजे फळी ठोकायची न्हाय?" बुधाजीने विचारले. बुधाजीचे शेत बाळाजींच्या शेताला लागून, दुसरे. दोघे लहानपणापासूनचे सोबती, आणि बुधाजीला बाळाजींची टिंगल केल्याशिवाय तंबाखू गोड लागत नसे.

"ठोकली तर उघाडी आता हाय तशी ऱ्हानार न्हाय."

"आनि न ठोकली तर?"

"तर हाय तशी ऱ्हाईल."

"कुजकी."

"विद्यमान," बाळाजी म्हणाले.

त्या दिवसापासून हा शब्द गावात रुळला. मासळीवाली दारात आली की बायका टोपलीत नाक घालून विचारू लागल्या, "आजची हाय का विद्यमान हाय?" बुधाजीची वहाण विद्यमान झाली. एका सुनेने तर सासूच्या लोणच्याला विद्यमान म्हटले आणि दोन घरांत बोलणे बंद झाले. सरकारी भाषा खेड्यापर्यंत पोचत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मूल्यमापनाची पहिली पायरी म्हणजे प्रश्नावली. तिच्यात मंडळीकडील सर्व यंत्रे लिहायची होती. बाळाजींनी एक वजनकाटा लिहिला (एका बाजूला झुकतो, पण नेहमी त्याच बाजूला, त्यामुळे विश्वासू), एक पेट्रोमॅक्स बत्ती लिहिली (लग्नात लागते, सभेत लागत नाही), आणि एक सायकल लिहिली (मालकी अध्यक्षांची, मंडळीच्या कामाला निघाली की मंडळीची, परत येताना पुन्हा अध्यक्षांची). मग उघाडीचे पान आले. यंत्र चालवणाऱ्याचे नाव काय? बाळाजींनी बराच विचार करून लिहिले, समुद्र. पत्ता? पश्चिमेस. नेमणूक केव्हाची? माहीत नाही, वडिलांच्या वेळी कामावर होता. पगार? नाही. वर्षभरात घेतलेली रजा? घेत नाही. खात्याकडून हे पान परत आले तेव्हा 'रजा घेत नाही' या शब्दांखाली तांबड्या शाईने दोन रेघा मारल्या होत्या आणि बाजूला लिहिले होते : संशयास्पद.

पावसाळा लागला. भात लावून झाले. त्या वर्षी सुटलेल्या फळीच्या जागी कोणीतरी गोणपाट आणि पेंढा कोंबून ठेवत असे. कोण, ते बाळाजींनी विचारले नाही, कारण विचारले असते तर कळले असते, आणि कळले असते तर कळवावे लागले असते. (राही गोणपाट घेऊन बांधाकडे निघाली की ते आकाशाकडे पाहून पावसाचा अंदाज घेत.)

भाद्रपदातल्या पौर्णिमेला दुपारी पाहणी अधिकारी श्री. खानझोडे चिंचखारला आले. साहेब वऱ्हाडातले. तिकडे पाणी कुठे दिसले तर लोक ते पाहायला जातात, आणि इकडे पाणीच रोज लोकांना पाहायला येते, एवढाच काय तो फरक. माणूस मोठा सज्जन. चिखलात बूट रुतला तरी चिखलाला दोष दिला नाही. बांधावर चढून त्यांनी खाडीकडे पाहिले. ऐन भरतीची वेळ. पाणी बांधाच्या कडेला चढत होते.

"बाप्पा!" साहेब म्हणाले. "हे एवढं पाणी कोणी सोडलं?"

"कोनी न्हाय, साहेब. भरती हाय."

"ते झालं. पण सोडलं कोणाच्या आदेशानं?"

बाळाजींनी वर बोट केले. साहेबांनी 'वरिष्ठांच्या आदेशाने' असे टिपून घेतले आणि मुख्य प्रश्न विचारला. "उघाडी चालू आहे की बंद?"

हा क्षण बाळाजींना पुढे आयुष्यभर आठवायचा होता. सकाळीच राहीने नवे गोणपाट गच्च कोंबलेले. झडप पाण्याच्या दाबाने चौकटीला घट्ट बसलेली. आत एक थेंब नाही. गावाची अब्रू राहिली होती. बाळाजींची छाती फुगली.

"बंद हाय साहेब! एकदम बंद!"

साहेबांच्या चेहऱ्यावर खरीखुरी सहानुभूती उमटली. "अरेरे. केव्हापासून?"

"मघाधरनं. येरवी रातच्यालाही असती."

"म्हणजे वारंवार बंद पडते?"

"वारंवार काय साहेब, रोज दोनदा! अमावास्या असो, पुनव असो, खाडा न्हाय. माझ्या बापाच्या येळेला पन तसंच, आनि आज्याच्या येळेला पन तसंच."

साहेब लिहीत राहिले. लिहिता लिहिता त्यांनी एकदा मान हलवली, आणि अशा हालअपेष्टांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. बुधाजी मागे उभा राहून तंबाखू मळत होता. तो हळूच म्हणाला, "पाटील, साहेब रडतील आता. काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, उघाडी झकास हाय."

अहवालाची प्रत दिवाळीनंतर आली. 'उघाडी बंद आढळली. तीन पिढ्या दररोज दोनदा बंद पडते. ग्रामस्थ याबद्दल हसतमुखाने बोलतात; दीर्घकाळच्या हालांमुळे मनावर परिणाम झाला असावा.'

बाळाजी सायकलने अलिबागला गेले. बंद म्हणजे बिघडलेली नव्हे, बंद म्हणजे लागलेली, हे त्यांनी खात्याच्या कचेरीत तीन टेबलांवर समजावून सांगितले. तिसऱ्या टेबलाला ते पटले. पण पटले म्हणून लिहिलेले खोडता येत नाही. फेरपाहणी करावी लागते. ती करायला दुसरे साहेब आले, आणि ते अष्टमीला दुपारी, म्हणजे पूर्ण ओहोटीला आले. त्यांना झडप उघडी दिसली आणि तिच्यातून आतले पाणी खळखळत बाहेर जाताना दिसले. त्यांनी ती बंद करण्याचा हुकूम दिला. बुधाजी आणि आणखी एकाने खाडीच्या चिखलात उतरून झडप लोटली. ती लागली. त्यांनी हात काढताच आतल्या पाण्याने ती पुन्हा उघडली. साहेबांनी हुकूम पुन्हा दिला. झडप पुन्हा उघडली. दुसऱ्या अहवालात लिहिले गेले : 'उघाडी उघडी आढळली. हुकूम देऊनही बंद राहत नाही. वर्तन उद्धट.'

एक अहवाल बंद म्हणतो, दुसरा उघडी म्हणतो. अशा वेळी अडाणी माणूस गोंधळून जातो, पण खाते गोंधळत नाही. खात्याने दोन्ही अहवालांचा मेळ घालण्यासाठी संयुक्त समिती नेमली. तिने गावात न येताच काम पुरे केले, त्यामुळे भत्त्याची बचत झाली. समितीचे निष्कर्ष मुळातूनच वाचण्यासारखे आहेत. उघाडी निम्मा वेळ बंद व निम्मा वेळ उघडी असते, सबब तिची कार्यक्षमता शेकडा पन्नास. ती केव्हा उघडावी व केव्हा लागावी याबद्दल कोणताही लेखी आदेश कधीही काढलेला नाही, सबब तिने आजवर केलेली सर्व उघडझाप विनापरवाना. ती चालवणारा इसम (समुद्र) खात्याच्या नियंत्रणाखाली नाही. शिफारस : नवीन दरवाजा बसवावा. तो आज्ञाधारक असावा.

बाळाजींनी 'नवीन दरवाजा बसवावा' एवढे वाचले आणि बाकीचे घडी घालून खिशात ठेवले. चूक कोणाची, कशी, हे आता कशाला उकरायचे? दरवाजा तर मिळाला.

पुढच्या उन्हाळ्यात दरवाजा बसला. लोखंडी, सरळ वर-खाली होणारा, हिरव्या चक्राचा. चक्राला साखळी, साखळीला कुलूप, कुलपाची चावी अलिबागला. जुनी झडप काढून, तिच्यावर 'मूल्यमापन पूर्ण' असा शिक्का मारून, बैलगाडीतून नेण्यात आली. उद्घाटनाला मंत्री आले नाहीत, पण त्यांच्यासाठी आणलेला हार त्यांच्या खुर्चीवर ठेवला होता आणि बाळाजी त्या हाराच्या शेजारी बसले. हाराने त्यांच्याशी काही वावगे वर्तन केले नाही. नियम वाचून दाखवण्यात आले. दरवाजा लेखी आदेशाशिवाय उघडू नये. लेखी आदेशाशिवाय लावू नये. आदेश कचेरीच्या वेळेत मिळतील.

"आनि समिंदराला कचेरीची येळ कोनी कळवायची?" मागून बुधाजीचा आवाज आला.

"खात्याकडून परिपत्रक जाईल," बाळाजी म्हणाले. त्यांना वाटले, आपण विनोद केला. पुढे लोकांनी शपथेवर सांगितले की ते तेव्हा गंभीर होते.

चावी घेऊन येणारा सदा नावाचा शिपाई एस. टी.ने येत असे. मंगळवारी यायचा, शुक्रवारी यायचा. भात लावल्यावर पाऊस जास्त झाला की पाणी तुंबायचे, आणि सगळे गाव एस. टी.च्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. सदा यायचा, आदेश वाचायचा, चक्र फिरवायचा, कुलूप लावायचा, चहा प्यायचा, जायचा. माणूस वाईट नव्हता. "मला सांगतील तसं, पाटील," म्हणायचा. तेच त्याच्या दरवाजालाही लागू होते. दरवाजा खरोखर आज्ञाधारक निघाला. असे चार-पाच वेळा पाणी तुंबले, चार-पाच वेळा निभावले, आणि भाताने मान वर काढली. भाद्रपद संपत आला तेव्हा चिंचखारच्या शिवारात लोंब्या वाकू लागल्या होत्या. बाळाजींच्या शेतातल्या सगळ्यात जड.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या शुक्रवारी सदा आला. पाणी तुंबलेले, म्हणून आदेश होता, दरवाजा उघडावा. त्याने उघडला. कुलूप लावले. चहा प्यायला. नव्या दरवाजाचा उंबरा जुन्या झडपेपेक्षा उंच होता आणि लहान भरतीचे पाणी तिथपर्यंत पोचत नव्हते, त्यामुळे शुक्रवारी कोणाला भीती वाटली नाही. पण अमावास्या रविवारी होती. भाद्रपदातल्या अमावास्येचे उधाण वर्षातले मोठे, आणि ते यायचे भर दुपारी. दरवाजा उघडा.

शनिवारी सकाळी बाळाजी सायकल मारीत अलिबागला पोचले. शनिवारची कचेरी अर्धा दिवस. टेबलावर एक तरुण कारकून होता, गोड बोलणारा.

"दरवाजा लावायचा? जरूर लावू. अर्ज द्या. पण असं आहे पाटील, दरवाजा लावायचा म्हणजे विद्यमान स्थितीत बदल झाला. त्याआधी विद्यमान स्थिती पाहावी लागेल."

"साहेब, उद्या उधान हाय. पानी आत शिरंल."

"उद्या रविवार. सोमवारी सकाळीच माणूस पाठवतो."

"सोमवारी काय पाहनार?"

"उलट सोमवारी," कारकून समजुतीने म्हणाला, "स्थिती जास्त स्पष्ट दिसेल."

बाळाजी परत निघाले. वाटभर वारा समोरून होता. चावी द्या, मीच लावतो, असे म्हणायचे त्यांच्या मनात आले होते, पण अध्यक्षाने नियम मोडायचा कसा, असेही लगेच आले होते, आणि दुसरे पहिल्यापेक्षा मोठ्याने आले होते.

रविवारी माध्यान्हीला पितरांची पाने वाढून झाली आणि बाळाजी न जेवताच बांधावर जाऊन उभे राहिले. त्यांनी चक्र धरून ओढून पाहिले. साखळी वाजली. कुलपावर दगड मारून पाहिला. कुलूप सरकारी असले तरी मजबूत निघाले, याची नोंद खात्याच्या बाजूने व्हायला हवी. मग खाडी चढली. पाणी उंबऱ्यावर आले, थोडे थांबल्यासारखे झाले, आणि मोकळ्या दरवाजातून आत आले. घाई नाही, आवाज नाही. पाहुणा ओटीवरून माजघरात येतो तसे. बाळाजींच्या भाताची पहिली ओळ पाण्यात उभी राहिली.

त्यांच्या शेताच्या आणि बुधाजीच्या शेताच्या मध्ये एक जुनी मेर होती, गुडघ्याएवढी मातीची कड. पाणी ती सहज ओलांडणार होते. पलीकडे बुधाजीचे भात, त्याच्या पलीकडे सगळ्या गावाचे. मेर कमरेएवढी उंच केली तर पाणी अलीकडेच अडेल. पण माती आणायची कुठून? पलीकडून आणायला वेळ नव्हता. माती होती ती पायाखाली, भाताच्या मुळाशी.

बाळाजींनी तोंडाभोवती हात धरले आणि गावाकडे वळून हाक दिली. "जोळ! जोळ हो!"

ही हाक दोन पावसाळ्यांत कोणी ऐकली नव्हती. जेवणावरून लोक उठले. पितरांसाठी ठेवलेल्या पानांवर कावळे उतरले आणि त्यांना कोणी हाकलले नाही. फावडी, घमेली, फुटकी पाटी, जे हाताला आले ते घेऊन माणसे उतारावरून धावत आली. सर्वांत पुढे राही.

"कुठली माती?" तिने विचारले.

बाळाजींनी खाली बोट दाखवले.

"आपलं भात काढून?"

"पानी आलंच हाय त्यात. आपलं पहिलं शेत."

राहीने एक लोंबी हातात धरली आणि सोडली. मग पदर खोचला. "पहिला मान पायजे व्हता ना तुमाला," ती म्हणाली, "घ्या आता." आणि पहिले फावडे तिनेच मारले.

बुधाजी मेरेवर उभा राहून मातीचे गोळे झेलत होता, थापटत होता. "भाताच्या मुळासकट दे रं," तो ओरडला, "धरून बसंल चांगली! पाटलाचं भात हाय, खुर्ची सोडायचं न्हाय!" चिखलात उभे असलेले सगळे हसले, आणि हसता हसता माती फेकत राहिले. पाणी मेरेच्या अर्ध्यावर आले. मग जरा वर आले. मग बराच वेळ तिथेच राहिले, सगळ्यांना पाहत. आणि मग ओहोटी लागली.

बाळाजींचे शेत गेले. गावाचे वाचले.

सोमवारी सकाळी स्थिती खरोखरच जास्त स्पष्ट दिसत होती. श्री. खानझोडे स्वतः आले. वर्षभरात त्यांना बढती मिळाली होती, पण स्वभाव तोच. त्यांनी प्रथम दरवाजा पाहिला. 'उघडा ठेवण्याचा आदेश होता. उधाणातही उघडा राहिला. आज्ञापालन शेकडा शंभर.' मग त्यांनी मेर पाहिली. 'मूळ नोंदीत नसलेला बांध. विनापरवाना. मूल्यमापन पूर्ण होईपर्यंत यास कोणीही हात लावू नये.' हा हुकूम ऐकून गावाने टाळ्या वाजवल्या. खात्याच्या इतिहासात अशा हुकमाला टाळ्या मिळण्याचा हा पहिला प्रसंग असावा. साहेबांनी नम्रपणे हात जोडले. शेवटी त्यांनी बाळाजींचे शेत पाहिले आणि त्यासमोर लिहिले, 'तलाव.'

"साहेब," बाळाजी म्हणाले, "आमची जुनी झडप परत द्या."

"देऊ की, पाटील. पण जुनी झडप बसवायची म्हणजे ती नवी योजना झाली. तिच्याआधी हा दरवाजा नीट पाहावा लागेल."

त्या सुगीला प्रत्येक घरातून एक पायली भात बाळाजींच्या दारात आले. कोणी ठरवले नव्हते. तलावात मात्र भरतीबरोबर जिताडे मासे शिरले, आणि जिताड्याच्या चवीची कीर्ती अशी, की पाहणीचे साहेब आता महिन्यातून एकदा तरी दरवाजा पाहायला येतात. दुपारच्या सुमारास येतात. राही त्यांना वाढते, आणि वाढताना विचारते, "ताजा देऊ का विद्यमान?" साहेब म्हणतात, विद्यमानच द्या.

आता खात्याने या सर्व प्रकरणाचा छडा लावण्यासाठी एक चौकशी समिती नेमली आहे. तिच्यावर अधिकारी पुरेसे आहेत, पण जनतेतला एक सुजाण सभासद हवा आहे. पात्रता कडक आहे. पाणी येणार हे त्याला पहिल्यापासून ओळखता आले पाहिजे. तरीही बसल्या जागेवरून न हलता शेवटपर्यंत पाहता आले पाहिजे. मधूनमधून हसता आले पाहिजे. आणि सगळे बुडाल्यावर, 'एवढं साधं काम होतं, कोणाला कसं सुचलं नाही?' असे म्हणता आले पाहिजे. चिंचखारमध्ये असा माणूस शोधून सापडला नाही. बांधावर धावल्यामुळे तिथले सगळेच बाद झाले.

वाचकहो, आपले नाव कळवले आहे.